शेळी वारंवार उलटते, मध्येच गाभ टाकते: आधी तारखा जुळवा

"ह्या खेपेक पण रवली नाय." म्हणजे ह्या खेपेलाही शेळी गाभण राहिली नाही. पशुसखी म्हणून, म्हणजे घरोघरी जाऊन जनावरांच्या देखभालीत मदत करणारी बाई म्हणून, कुडाळ-सावंतवाडी भागातल्या वाड्यांवर फिरताना हे वाक्य सारखं कानावर येतं. घरात चार-पाच शेळ्या असतात. त्यातली एक दर खेपेला उलटते, म्हणजे बोकड दाखवूनही पुन्हा माजावर येते, दुसरी चौथ्या महिन्यात गाभ टाकते आणि तिसरी ऐन श्रावणात विते. मग गणपती येईपर्यंत तिची करडं खोकून खोकून संपतात. घरची माणसं म्हणतात, बोकड खराब आहे, नाहीतर कुणाची नजर लागली. मी आधी एकच विचारते, शेळी कधी लावली होती, म्हणजे बोकड कधी दाखवला होता? उत्तर बहुतेक ठिकाणी सारखंच मिळतं, "शिमग्याच्या सुमाराला असेल."

एवढ्यावर काही कळत नाही. शेळीचं अंग दिवसांच्या हिशोबाने चालतं. लावल्यापासून किती दिवसांनी ती पुन्हा माजावर आली, किंवा किती दिवसांनी गाभ गेला, हा आकडा हातात असला की दोष बोकडात आहे, चाऱ्यात आहे की रोगात, याचा निम्मा उलगडा डॉक्टर येण्याआधीच होतो. भिंतीवर कॅलेंडर प्रत्येक घरात असतं. त्यावर त्या दिवशीच्या चौकोनात शेळीचं नाव आणि माज, लावली, उलटली, व्याली यातला एक शब्द लिहायचा. वही केलीत तर उत्तम, पण ती कपाटात राहते आणि कॅलेंडर डोळ्यांसमोर असतं, म्हणून मी कॅलेंडरच सांगते.

शेळीचा माज साधारण २१ दिवसांनी येतो, क्वचित १८-१९ व्या दिवशीही. तो दीड दिवस टिकतो, काहींचा एक दिवसात उतरतो तर काहींचा दोन दिवस राहतो. गाभणकाळ सरासरी १५० दिवसांचा, पाच दिवस इकडे-तिकडे. तोंडी हिशोब करायचा तर पाच महिने पुढे मोजायचे आणि दोन-तीन दिवस मागे यायचं. १० जूनला लावलेली शेळी ७ नोव्हेंबरच्या आसपास विणार. आता एकेक तक्रार घेऊ.

बरोबर १८ ते २१ दिवसांनी उलटते

याचा अर्थ शेळीचं चक्र व्यवस्थित सुरू आहे, पण गर्भ धरलाच नाही. इथे पहिला प्रश्न शेळीबद्दल विचारायचा नाही. त्याच बोकडाला लावलेल्या बाकीच्या शेळ्यांचं काय झालं, ते वाडीत विचारा. चार घरांतल्या शेळ्या उलटल्या असतील तर दोष बोकडाचा. एकटी तुमचीच उलटली असेल तर वेळ चुकली, किंवा तिच्या अंगात कमी आहे.

वेळ चुकण्याचं प्रमाण सगळ्यात जास्त. शेळीचं बीज माजाच्या अखेरीला सुटतं. सकाळी शेळी ओरडायला लागली म्हणून लगेच बोकडाकडे नेली तर घाई होते, आणि घरची कामं उरकून तिसऱ्या दिवशी नेली तर माज उतरलेला असतो. सकाळी माज दिसला तर त्याच संध्याकाळी एकदा आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा एकदा लावायची. संध्याकाळी दिसला तर दुसऱ्या दिवशी सकाळी आणि संध्याकाळी. बोकड शेजारच्या वाडीत असेल तर दोन फेऱ्या मारण्यापेक्षा शेळी एक रात्र तिथेच ठेवा. भर दुपारी उन्हातून तिला चालवत नेणं आणि लागल्या पावली परत आणणं टाळा. अंग तापलेल्या शेळीत गर्भ धरायला अडचण येते.

माज सुरू झाला कधी, हे ओळखायला जवळ जाऊन बघावं लागतं. नुसतं ओरडणं पुरेसं नाही, भूक लागली तरी शेळी ओरडते. शेपूट सारखी आणि भरभर हलते, निरण, म्हणजे योनीचं तोंड, सुजून लालसर होते, थोडं थोडं मूतते, दुसऱ्या शेळीवर चढते किंवा चढू देते, दुधाची असेल तर दूध एकाएकी कमी होतं. शेपटीखालचा बळस, म्हणजे निरणीतून येणारा चिकट स्राव, बोटावर घेऊन बघा. सुरुवातीला तो पाण्यासारखा स्वच्छ असतो, मग गढुळतो आणि माज उतरताना घट्ट पांढरट होतो. बळस गढूळ व्हायला लागला की शेळी लावण्याची वेळ झाली. पांढरा चिकट दिसला तर उशीर झाला आहे. तारीख लिहा आणि १८ व्या दिवसापासून नजर ठेवा. बळसात पू असेल किंवा घाण वास येत असेल तर गर्भपिशवीत जंतू आहेत. अशी शेळी बोकडाकडे नेऊ नका, आधी डॉक्टरांकडून उपचार करून घ्या. नाहीतर तोच जंतू बोकडामार्फत वाडीभर फिरतो.

बोकड चढला म्हणजे काम झालं असंही नाही. चढल्यावर त्याने एक जोराचा धक्का देऊन मान मागे टाकली आणि उतरल्यावर शेळीने पाठ कमानीसारखी केली, तर ते लागलं. नुसतं चढून उतरत राहिला तर थांबून पुन्हा लावा.

बोकडाकडे कोण बघतं?

कोकणातली मोठी अडचण मला इथे दिसते. चांगला, भरलेला, अंगापिंडाने मोठा बोकड बकरी ईदला किंवा जत्रेला विकला जातो, कारण त्यालाच भाव येतो. मागे राहतात ती किरकोळ पिल्लं, आणि तीच शेळ्यांवर चढतात. नर करडू चार महिन्यांचं झालं की आईवर, बहिणीवर चढायला लागतं आणि त्यातून गाभही राहू शकतो. त्यातून होणारी पिढी खुजी निघते, करडं मरतुकडी होतात, पाटी, म्हणजे अजून न व्यालेल्या तरुण माद्या, लवकर माजावर येत नाहीत. दोष मग शेळीवर येतो. नर करडं तीन महिन्यांची झाली की वेगळी बांधा किंवा खच्ची करून घ्या. वाडीतल्या चार-पाच घरांनी मिळून एक बोकड निवडून ठेवावा. तो जुळ्यातला, भरपूर दूध देणाऱ्या आईचा आणि किमान वर्षभराचा असावा. दीड-दोन वर्षांनी तो दुसऱ्या गावाशी बदलावा, म्हणजे स्वतःच्या मुलींवर चढणार नाही. एका बोकडाला २०-२५ शेळ्यांपेक्षा जास्त नकोत. एका दिवशी दोनपेक्षा जास्त वेळा लावू नका. चार शेळ्या एकदम माजावर आल्या आणि चारही एकाच बोकडावर सोपवल्या, तर शेवटच्या दोन उलटल्या तर नवल वाटू नये.

बोकडाचे दोन्ही अंडकोष हाताने दाबून बघा. दोन्ही सारख्या आकाराचे, टणक आणि हलते असावेत. एक लहान, मऊ किंवा गाठाळ लागला तर तो बोकड पैदाशीला ठेवू नका. बोकडाला ताप येऊन गेला असेल, लाळ्या खुरकूत झाली असेल, तर तो खायला-फिरायला लागला तरी पुढचे दोन महिने त्याच्यावर भरवसा ठेवता येत नाही, कारण नवं बीज तयार व्हायला सात-आठ आठवडे लागतात. पावसाळ्यात खूर सडून मागचे पाय दुखत असले तर बोकड चढतो पण धक्का देऊ शकत नाही. खुरं कापणं आणि त्याची जागा कोरडी ठेवणं एवढ्यावर अशी तक्रार मिटलेली मी पाहिली आहे.

जातीबद्दल एक सांगायलाच हवं. बीटल, बोअर यांचे मोठे बोकड आणण्याची हौस वाढली आहे. तसा बोकड पहिल्या वेताच्या लहान गावठी पाटीवर घातला तर करडू मोठं होऊन विताना अडतं. आपल्याकडे कोकण कन्याळ ही जात आहे. दापोलीच्या डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठाने तिच्यावर काम केलेलं आहे आणि ती या दमट हवेत, या पावसात टिकते. लहान कळपाला माझ्या मते तोच बोकड बरा.

पाच-सात दिवसांतच पुन्हा माज

घाबरू नका. बोकड महिनाभर दूर ठेवून एकदम कळपात आणला की त्याच्या वासाने शेळ्या आठ-दहा दिवसांत माजावर येतात. त्यातला पहिला माज कित्येकदा कच्चा असतो, आणि सहाव्या-सातव्या दिवशी खरा माज येतो. पाटींमध्येही असं होतं. दुसऱ्या माजाला लावा. तिसऱ्यांदा, चौथ्यांदाही पाच-सहा दिवसांनीच येत राहिली तर डॉक्टरांना दाखवा.

महिना-दीड महिन्याने उलटते

दोन शक्यता. ४०-४२ दिवस झाले असतील तर मधला माज तुमच्या नजरेतून सुटला. २५, ३०, ३५ असा अधलामधला आकडा असेल तर गर्भ धरला होता आणि सुरुवातीलाच जिरला. अशा वेळी त्या महिन्यात काय काय झालं ते आठवा. जंताचं औषध दिलं का? अल्बेंडाझोल पहिल्या दीड महिन्यात दिलं तर गर्भाला इजा करतं. कुणीतरी शिबिरात सगळ्या शेळ्यांना सरसकट पाजलं असेल तर तेही कारण असू शकतं. शेळी लावलेली असेल तर औषध पाजणाऱ्याला तसं सांगा, सुरक्षित औषध डॉक्टर निवडून देतील. दुसरं कारण उपासमार. मे महिन्यात चारा नसतो आणि त्याच महिन्यात शेळी लावली जाते. तिसरं, नुसत्या सुबाभळीवर ठेवलेली शेळी. सुबाभूळ चांगला पाला आहे, पण रोजच्या चाऱ्यात तो तिसऱ्या हिश्श्याच्या वर गेला तर केस गळतात आणि गाभ टिकत नाही. फणस, उंबर, शेवरी, गिरिपुष्प असा मिळून द्या.

माजावरच येत नाही

शेळी हातात धरा आणि डोळ्याची खालची पापणी अंगठ्याने हलकेच खाली ओढा. आतली त्वचा लालसर गुलाबी असायला हवी. फिकट गुलाबी असेल तर अंगात जंत आहेत, पांढरी पडली असेल तर जंतांनी रक्त पिऊन संपवलं आहे आणि त्याच दिवशी उपचार हवा. जबड्याखाली पाण्याची थैली लोंबत असेल तर तेही जंताचंच लक्षण. भातखाचरांच्या बांधावर, पाणथळीत चरणाऱ्या शेळीत यकृतातले चपटे कृमीही असतात. ते गोगलगायीमार्फत येतात आणि साध्या जंताच्या औषधाने जात नाहीत. म्हणून लेंड्या तपासून घ्या. सरकारी दवाखान्यात ही तपासणी होते आणि चार लेंड्या एका डबीत नेल्या की पुरतं. पावसाळ्यात पापणी दर पंधरा दिवसांनी बघा, त्याला पैसे लागत नाहीत.

मग पाठीवर हात फिरवा. कण्याची हाडं बोटांना टोचत असतील तर ती शेळी लावण्याजोगी नाही. लावण्याआधी दोन-तीन आठवडे रोज २०० ते २५० ग्रॅम खुराक द्या. मक्याची भरड, भाताचा कोंडा, खोबऱ्याची पेंड, घरात जे असेल त्याचं मिश्रण करा. अंग भरणीला लागलेली शेळी माजावर नीट येते आणि जुळ्यांची शक्यताही वाढते. शिवाय रोज दहा ग्रॅम क्षारमिश्रण द्या. आपली जांभ्याची माती आणि त्यावर धो धो पाऊस, त्यामुळे गवतात कॅल्शियम-फॉस्फरस कमी उतरतं. चाटणवीट टांगत असाल तर छपराच्या आत टांगा, पागोळ्यांखाली ती आठवड्यात विरघळते.

बोकड जवळ नसला की शेळीचा माज मुका राहतो. त्याला एक जुना उपाय आहे. कापडाचा फडका बोकडाच्या शिंगांच्या मागे जोरात घासायचा, उग्र वास त्यात भरतो. तो झाकणाच्या बरणीत घालून ठेवायचा आणि रोज सकाळी शेळ्यांच्या नाकासमोर धरायचा. माजावरची शेळी फडक्याला सोडत नाही, शेपूट हलवत मागे येते. ज्या घरात बोकड नाही त्या घरात ही बरणी असावीच.

पाट वर्षाची होऊन गेली, अंगाने चांगली आहे, तरी कधीच माज दाखवत नाही, असं असेल तर निरण नीट बघा. आई-बाप दोन्ही भुंडे, म्हणजे बिनशिंगी असले तर त्यांच्या पोटी धड मादी नाही धड नर नाही अशी पिल्लं होऊ शकतात. निरणीत खालच्या टोकाला मटारएवढी गाठ दिसते, वागणं बोकडासारखं असतं. त्यावर उपाय नाही, ती पाट मटणालाच जाणार. भुंड्या शेळीला शिंगवाला बोकड द्या म्हणजे हा प्रश्न उरत नाही.

पाटीला घाईही नको. सहा-सात महिन्यांत ती माजावर येते, पण मोठ्या शेळीच्या दोन-तृतीयांश वजन झाल्याशिवाय लावू नका. तेवढं व्हायला दहा ते बारा महिने लागतात. लवकर लावलेली पाट एकदा विते आणि तिची वाढ कायमची खुंटते.

शेवटची शक्यता खोट्या गाभाची. पोट वाढतं, माज बंद होतो, पाच महिने होतात, कधी उलटून जातात, आणि एके सकाळी खाली नुसतं पाणी पडलेलं असतं, करडू नाही. पिशवीत पाणी साठण्याचा हा आजार आहे. बराच काळ न लावता ठेवलेल्या आणि वयस्क शेळ्यांत तो जास्त दिसतो. लावल्यावर ३५ दिवसांनंतर सोनोग्राफीत ते स्पष्ट दिसतं. पिशवी मोकळी करणारं इंजेक्शन डॉक्टर देतात, पण ते खऱ्या गाभण शेळीला दिलं तर गाभ पडतो. म्हणून तपासल्याशिवाय ते कुणाकडूनही टोचून घेऊ नका.

गाभ टाकते

इथे मात्र मी हात जोडून सांगते, पडलेला गर्भ आणि वार (गर्भासोबत पडणारी झिल्ली) उघड्या हाताने उचलू नका. घरात गरोदर बाई असेल तर तिला गोठ्याकडे जाऊच देऊ नका. शेळीचा गाभ पाडणारे काही जंतू माणसाला लागतात. ब्रुसेलामुळे माणसाला महिनोन्महिने येणारा-जाणारा ताप आणि सांधेदुखी होते, आणि तो लवकर ओळखूही येत नाही. हातात प्लास्टिकचे मोजे घाला. गर्भ आणि वार कुत्र्याला टाकू नका, आडबाजूला पाणवठ्यापासून लांब खोल खड्डा काढून चुना घालून पुरा. त्या शेळीला तीन आठवडे वेगळी बांधा. दूध कच्चं कुणालाही देऊ नका, करडांनाही नाही.

पुरण्याआधी १९६२ या पशुवैद्यकीय मदत क्रमांकावर किंवा तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात फोन करा. शेळीचं रक्त आणि जमल्यास गर्भाचा नमुना घ्यायला सांगा. नमुने जिल्ह्याच्या प्रयोगशाळेत आणि तिथून गरजेप्रमाणे पुण्याला औंधच्या रोग अन्वेषण विभागाकडे जातात. वेळ लागतो, पण नमुना न घेता नुसती प्रतिजैविकं टोचत राहणं हे अंधारात दगड मारणं आहे.

डॉक्टर येईपर्यंत तुम्ही एवढं बघा. एकच शेळी गाभडली की लागोपाठ दोन-तीन? एकच असेल तर आधी मार आणि धक्का यांचा विचार करा. संध्याकाळी सगळ्या शेळ्या एकदम गोठ्याच्या अरुंद दारातून घुसतात, शिंगवाल्या शेळ्या कमजोर गाभणीला चौकटीवर दाबतात, किंवा मोकाट कुत्रे मागे लागतात. दार रुंद करणं, शेवटच्या दोन महिन्यांच्या गाभणी वेगळ्या सोडणं, एवढं पुरतं. मग खाल्लं काय ते बघा. पावसाळ्यात कोंड्याला, पेंडीला बुरशी येते. हिरवट-काळे गोळे झालेली पेंड "शेळीला चालते" म्हणून घातली जाते, आणि ती गाभणीला चालत नाही. उन्हाळ्यात सगळं वाळतं तेव्हा रानमोडी हे रानटी तण तेवढं हिरवं दिसतं. पोट भरलेली शेळी रानमोडीला सहसा तोंड लावत नाही, पण उपाशी खाते. रानमोडीच्या कोवळ्या पाल्यात नायट्रेट भरपूर असतं आणि ते गाभाला बाधतं. मे-जूनमध्ये फणसाची चारखंडं (गरे काढून उरलेला भाग) आणि काजूची बोंडं टोपलीभर पुढ्यात टाकली जातात. त्याने पोटात आम्ल होतं, पोट फुगतं, गाभण शेळी आडवी होते. मूठ-दोन मूठ ठीक, टोपली नको.

लागोपाठ दोन-तीन शेळ्यांनी टाकलं, तेही साडेतीन-चार महिन्यांनंतर, तर ते संसर्गाचं समजूनच चाला. ब्रुसेला आणि क्लॅमिडिया दोन्ही असेच वागतात. मांजरांच्या विष्ठेतून टोक्सोप्लाझ्मा येतो, म्हणून पेंडीच्या पोत्यावर आणि पेंढ्यावर मांजरीला विऊ देऊ नका. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये साचलेल्या पाण्यातून आणि उंदरांच्या मुतातून लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस) येतो. हा रोग कोकणात माणसांनाही नवा नाही. गोठ्यात पाणी साचू न देणं आणि पेंड उंदरांपासून झाकून ठेवणं हे शेळ्या आणि माणसं दोघांसाठीही गरजेचं. कळपात ताप, नाका-डोळ्यांतून घाण, हगवण आणि त्याच सोबत गाभ पडणं असेल तर पीपीआर, म्हणजे शेळ्या-मेंढ्यांचा साथीचा विषाणूजन्य रोग. त्याची लस सरकारी दवाखान्यात मिळते आणि एकदा दिली की तीन वर्षं टिकते. लावण्याआधी देऊन घ्या.

तपासणीत ब्रुसेला निघाला तर त्या शेळीवर उपचार करत बसू नका आणि बाजारात दुसऱ्याच्या गळ्यातही मारू नका. डॉक्टर सांगतील त्याप्रमाणे ती कळपातून काढा, आणि ज्या बोकडाला ती लावली होती त्याचंही रक्त तपासा. सामाईक बोकडाचं रक्त दर वर्षी तपासणं हा खर्च वाडीने वाटून घेण्याजोगा आहे.

शेवटचा दीड महिना वेगळा धरा. गर्भाचं निम्म्याहून खूप जास्त वजन याच काळात वाढतं आणि पोटात चाऱ्याला जागा कमी पडते. खुराक हळूहळू ३०० ते ४०० ग्रॅमवर न्या. जुळी-तिळी असलेली शेळी या दिवसांत अचानक खायची थांबली, डोकं भिंतीला लावून उभी राहिली, तोंडाला गोडसर वास आला, तर तिच्या अंगातली साखर संपली आहे. चालत असेल आणि गिळत असेल तर गुळाचं पाणी सावकाश पाजा आणि डॉक्टरांना त्याच तासाला बोलवा. दुसऱ्या दिवसापर्यंत थांबलात तर शेळी आणि करडं दोन्ही जातात. विण्याच्या महिनाभर आधी आंत्रविषाराची (आतड्यात विष तयार होण्याच्या रोगाची) लस दिली तर चिकातून करडांनाही संरक्षण मिळतं.

पावसात मरणारी करडं

हा प्रश्न गोठ्यात दिसतो, पण त्याचं मूळ कॅलेंडरात आहे. फेब्रुवारीत लागलेली शेळी जुलैत विणार, त्याला कुणाचा इलाज नाही. जुलैतलं करडू म्हणजे ओली जमीन, धुरकट गोठा, न्यूमोनिया, रक्ती हगवण आणि जंत. म्हणून बोकड १५ डिसेंबर ते एप्रिलअखेर बांधून ठेवा. १५ डिसेंबरला लागलेली शेळी मेच्या मध्याला विते, तिची करडं मृगाच्या पावसाआधी जवळपास महिन्याची होतात. १ मेला लागलेली २८ सप्टेंबरच्या आसपास विते, तेव्हा पाऊस सरत आलेला असतो. पुढे भातकापणी होते, खाचरं मोकळी होतात, बांधावर चारा असतो, आणि ती करडं पुढच्या पावसापर्यंत आठ महिन्यांची दणकट झालेली असतात.

"मग दोन वर्षांत तीन वेतं कशी व्हायची?" असं लगेच विचारलं जातं. ते घाटावरचं गणित आहे. आपल्याकडे चार महिने पाऊस पडतो. तीन वेतांतलं एक पावसात गमावण्यापेक्षा दोन वेतांतली सगळी करडं जगलेली मला जास्त मोलाची वाटतात.

अडचण अशी की नेमक्या याच महिन्यांत भात निघालेलं असतं आणि गावभर शेळ्या मोकाट असतात. तुमचा बोकड बांधलेला असला तरी दुसऱ्याचा मोकळा असतो. हे एकट्याने होत नाही, वाडीच्या बैठकीत ठरवावं लागतं. बोकड बांधणं जमत नसेल तर त्याच्या पोटाखाली गोणपाटाचा रुंद पट्टा बांधा, असा की चढला तरी लागणार नाही. दर चार-पाच दिवसांनी पट्टा सोडून धुवा, नाहीतर खाली जखम होते. एप्रिलच्या मध्याला शेळ्यांना जंताचं औषध आणि खुराक सुरू करा, १ मेला बोकड सोडा. बऱ्याच शेळ्या एकाच पंधरवड्यात माजावर येतील, पुढे एकदम वितील, आणि करडांची देखभाल एकाच महिन्यात आटपेल. मेचं ऊन बोकडालाही लागतं. त्याला आंब्याच्या सावलीत बांधा आणि सकाळ-संध्याकाळच लावा.

या वेळापत्रकात गाभणीचा काळ पावसात जातो हे खरं. पण गाभण शेळीला कोरड्यात ठेवणं नवजात करडाला जगवण्यापेक्षा सोपं आहे. जमिनीपासून दोन-अडीच फूट उंच, पोफळीच्या रिपांचा माच करा, रिपांमध्ये लेंडी खाली पडेल एवढीच फट ठेवा. पाय अडकेल एवढी मोठी नको, नाहीतर गाभण शेळीचा पाय मोडेल. जुलैचं कोवळं गवत नुसतं पाणी असतं, म्हणून सकाळी थोडा कोरडा पेंढा खाऊ घालून मगच सोडा.

करडू जन्मलं की नाळेला आयोडीन लावा आणि तासाच्या आत चीक पाजा. दोन किलोच्या करडाला दिवसभरात साधारण २०० मिलिलिटर, तीन-चार वेळा विभागून. वार पडायची वाट बघत चीक रोखून ठेवण्याची पद्धत अजून काही घरांत आहे, ती सोडा. करडू प्यायलं की वारही लवकर पडते.

हे सगळं करूनही एखादी शेळी तपासलेल्या बोकडाला, नीट वेळेवर लावून तीनदा उलटली, किंवा दोन वेतं लागोपाठ गाभडली, तर ती ठेवू नका. ती घराची लाडकी असते, मुलांनी नाव ठेवलेलं असतं, हे मला कळतं. तरी तिच्या पाटीही पैदाशीला ठेवू नका, आणि तिच्या जागी ज्या शेळीने दोन पावसाळे काढून जुळी जगवली आहेत तिचीच पाट निवडा.